वन्संची खोली

भोरचं घर विकून वेल्ह्यात दोन खोल्यांत राहायला जायचं, हे ठरवायला आम्हाला एक संध्याकाळसुद्धा लागली नाही. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली, मुलगा नोकरीसाठी हैदराबादला. पाच खोल्या झाडता झाडता माझे गुडघे बोलायला लागले होते. वेल्ह्याच्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवलेलं, तिथली हवा मला मानवते. हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. चहा आणि पेपर मिळाला की यांना कुठलंही गाव चालतं.

सामान कमी करणं मला जड गेलं नाही. मुलांच्या वह्या, आखूड झालेले स्वेटर, तीन कुकर, लग्नात आलेले स्टीलचे डबे, सगळं आठवड्याभरात वाटून टाकलं. राहिली एकच खोली. मागची, कुलूप लावलेली.

ती वन्संची, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीची. शिवऱ्याला त्यांच्या सासरी वाटण्या चालल्या होत्या, तेव्हा दिरांच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी आपलं सामान आमच्याकडं आणून टाकलं. "चार महिन्यांचा तर प्रश्न हाय," म्हणाल्या आणि किल्ली घेऊन गेल्या. त्याला सव्वीस वर्षं झाली. वाटण्या झाल्या, वन्संनी हायवेजवळ नवं घर बांधलं, त्यात सगळं नवं घेतलं. जुनं मात्र आमच्याकडंच राहिलं.

मुलगा दहावीला असताना मी एकदा धीर करून म्हटलं, "वन्सं, एवढं वर्षभर खोली मोकळी करून देता का? त्याला अभ्यासाला जागा नाही."

त्या आमच्याकडंच जेवायला बसल्या होत्या. माझ्या हातची भाकरी मोडत म्हणाल्या, "कलेक्टर व्हायचाय व्हय त्यो? वाटंत बसला तरी पास व्हतोय."

हे शेजारीच होते. यांनी आमटी मागितली. मी वाढली.

मुलानं ते वर्ष स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी काढलं. मिक्सर सुरू झाला की तो कानांत बोटं घालून वाचायचा. मला त्याला तसं बघवायचं नाही, म्हणून मी वरवंटा घेऊन चटण्या पाट्यावर वाटायचे.

आता घर रिकामं करताना हे म्हणाले, "ताईला आधी विचार."

"सव्वीस वर्षं वाट बघितली," मी म्हटलं.

पहिल्या खेपेबरोबर मी यांना वेल्ह्याला धाडलं. मग कुलूप तोडून घेतलं. आत लोखंडी पलंग, दोन कपाटं, तांब्याचा बंब, पितळी भांड्यांची ट्रंक आणि उंदरांनी कुरतडलेल्या सहा गाद्या. त्यातली एकही वस्तू मी ठेवली नाही आणि एकही फेकली नाही. गाद्यांतून कापूस गळत होता, तोही गोळा करून पोत्यात भरला. टेम्पोत सगळं चढवलं, ड्रायव्हरशेजारी बसले आणि शिवऱ्याला घ्यायला सांगितलं. वन्संना कळवलं नव्हतं. दिवस मात्र नीट निवडला होता. श्रावण होता, त्यांच्याकडं सत्यनारायण होता, आणि आमंत्रण आम्हालाही होतं.

अंगणात मांडव, चपलांचा ढीग, आत आरती नुकतीच संपलेली. ड्रायव्हर आणि त्याच्या जोडीदारानं पहिल्यांदा गाद्या उतरवल्या. बायका प्रसादाचे द्रोण हातात धरून बाहेर आल्या. वन्सं त्यांच्या मागून आल्या. नवी पैठणी नेसल्या होत्या.

"ह्ये काय गं?"

"तुमचं सामान, वन्सं. बघून घ्या, काही राहिलं असेल तर."

"आत्ता? घरात माणसं बसल्यात."

"बसू द्या की. गाद्यापण आणल्यात."

एक म्हातारी फिसकन हसली. वन्संचा चेहरा उतरला, आणि तो उतरताना मी पोटभर बघितला.

"भावाचं घर म्हणून ठिवलं हुतं म्या," त्या हळू म्हणाल्या.

"ते माझंही घर होतं."

दहावीचं ते वाक्य त्यांना जसंच्या तसं परत ऐकवायचं, असं मी वाटभर घोकत आले होते. पण ऐन वेळी ते तोंडातच राहिलं. प्रसाद न घेता मी टेम्पोत चढले.

आठ दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. दोन खोल्यांत अबोला धरणं अवघड असतं. सारखं एकमेकांना वाट द्यावी लागते. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, मला तर त्याचं काही आठवतही नाही." मला त्याचा राग आला.

नंतर कळलं, त्याच आठवड्यात वन्संनी सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. पलंग, बंब, पितळसुद्धा. एक दिवससुद्धा त्यांनी ते घरात घेतलं नव्हतं. ज्याची त्यांना काडीची गरज नव्हती, त्यासाठी त्यांनी माझी खोली अडवली होती. मला वाटलं होतं, त्या दिवशी मनातलं सगळं फिटलं. ते ऐकल्यावर पुन्हा पेटलं.

दिवाळीत भाऊबीजेला हे एकटेच शिवऱ्याला निघाले. दरवर्षी वन्संची साडी मी निवडायचे. या वेळी हे भोरला जाऊन स्वतःच घेऊन आले आणि मला उलगडून दाखवली. भडक पोपटी, त्यावर मोठाली जांभळी फुलं. वन्संना ती मुळीच शोभणार नव्हती.

"कशी आहे?" यांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं, आणि घडी घालून पिशवीत ठेवून दिली.