स्पिरिटचा वास

इंजेक्शनआधी नर्सनं दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मी आमच्या कोल्हापूरच्या जुन्या अंगणात पोचलो. नवरात्राआधीची धुणी निघाली होती. गोधड्या, डबे सगळं बाहेर, आणि माझी बरणीही धुऊन पालथी घातलेली. तीत पन्हाळ्याहून आणलेला, उड्या मारणारा इवला कोळी होता. मी तेव्हा कोळ्यांवर संशोधन करायचो; ही जात अजून कुणी न नोंदवलेली, नवी होती, पण नर हा एकच मिळालेला. त्याच्याशिवाय तिचं शास्त्रीय वर्णन अडलं असतं.

"त्यो व्हय? दिला की सोडून गोधड्यांवर," आई म्हणाली. "घट बसायच्या टायमाला घरात कोळी ठेवत्यात व्हय?"

तो चिरडेल म्हणून पाऊल टाकायची भीती, गोधडी झटकायची भीती. माझं तोंड बघून आईही शोधायला लागली आणि तिलाच तो दिसला. तो गर्रकन वळून मोठ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिला. वर्णनासाठी नमुना जपून ठेवावाच लागतो, म्हणून मी त्याला अलगद स्पिरिटच्या बाटलीत सोडलं.

"आरं, एवढा शोधलास, ते मारायला?" आई म्हणाली.

तेव्हा तो सापडणार नाही म्हणून छाती धडधडत होती. आता सापडला म्हणून धडधडते.

"काका, सुईला भिताय व्हय?" नर्सनं विचारलं.