वही फडावर, मी गावात

साथीमुळे शाळा बंद होती आणि अभ्यास मोबाईलवर यायचा, तेव्हाची ही गोष्ट. मी सातवीत होते. आमच्या घरात मोबाईल दोन. टचच्या मोबाईलवर मुकादमाचे निरोप यायचे, म्हणून तो आईअप्पांबरोबर कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेला. बटणाचा माझ्यासाठी चकलांब्याला आत्याकडे राहिला. म्हणजे मी गावात आणि माझी शाळा उसाच्या फडात! निघताना अप्पांनी बजावलं होतं, "गुर्जींकडं अभ्यास गेला न्हाई, तर तुलाबी घेऊन जाईन. तिथं धाकट्या भावाला तरी सांभाळशील."

मी लई घाबरले होते. पण आईने वाट काढली. दुपारी मोळ्या बांधून झाल्या की ती फोन करायची आणि गुरुजींनी पाठवलेले प्रश्न वाचून दाखवायची. मी उत्तरं सांगायची, ती तिकडे वहीत लिहून फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायची. गुरुजींची शाबासकी रोज मला! मी आपली हरभऱ्याच्या झाडावर.

शेजारच्या मैत्रिणीचे वडील नोकरीला होते, त्यामुळे तिच्या घरी मोठा मोबाईल होता. एकदा तिच्याकडे ग्रुप बघायला मिळाला आणि माझं डोकंच फिरलं. एक छेद दोन अधिक एक छेद तीन, याचं उत्तर मी दोन छेद पाच सांगितलं होतं. वहीत मात्र पाच छेद सहा! उत्तर बरोबर होतं, तरी मला राग आला. मला न विचारता बदलायचं म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम खोडी काढली.

"बीड शहरातून कोणती नदी वाहते?" आईने वाचलं.

"कृष्णा," मी ठोकून दिलं.

पलीकडून आवाज आला, "लिहिलं. म्होरलं सांग."

संध्याकाळी मैत्रिणीकडे पळत गेले. वहीत ठसठशीत अक्षरात 'बिंदुसरा'.

तिसऱ्या दिवशी फोन आला तशी मी भांडायलाच लागले. "तू माझी उत्तरं कावून बदलतीस?"

आई हसली. "चुकीचं लिहायला हात धजत न्हाई गं."

"तू किती शिकलीस?" इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं.

"सहावी पास हाय. वर्गात पयली आलते. मंग भावाला सांभाळायला मला फडावर आणलं."

माझी मलाच लाज वाटली. तेवढ्यात आईने बाजूला तोंड करून अप्पांना सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "आपली पोरगी गावातच ऱ्हाईल. धाकट्याचं मी बघते." अप्पा "बरं, बरं" म्हणाले.

आई पुन्हा फोनवर आली आणि तिने पुढचं गणित वाचलं. मला ते अर्धंमुर्धं येत होतं. दडपून काहीतरी सांगायची माझी जुनी सवय.

"माय," मी म्हणाले, "मला येत न्हाई. तू शिकव."