खंडेनवमीचा बोल्ट

राजाराम घाडींना कुणी शांत बसलेलं पाहिलं असेल तर त्याने मला येऊन सांगावं. मुलुंडच्या या इमारतीत आमची दारं समोरासमोर आहेत आणि मी तरी पाहिलेलं नाही. परळच्या मिलमध्ये ते फिटर होते. मिल बंद पडल्यावर इथल्या एका कारखान्यात लागले, तिथून निवृत्तही झाले, पण हातातला पाना काही निवृत्त होईना. जिन्याचा कठडा झाला, गच्चीचं दार झालं, माझा मिक्सर झाला. मिक्सर तर बिघडलेलाही नव्हता. त्यांनी दुरुस्त करून दिल्यापासून मात्र कण्हतो.

यंदा नवरात्रात त्यांच्या श्रुतिकाला ऐरोलीच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. पोरगी बरेच महिने घरी बसून होती, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं आणि खाडीवरचा पूल ओलांडून ती स्कूटरने जाणार होती. फक्त मागचा ब्रेक नीट लागत नव्हता. "गॅरेजला टाकते," ती म्हणाली आणि राजारामभाऊ उखडलेच.

"माझ्या पोरीचा ब्रेक परक्याच्या हातात? मी काय मेलो काय?"

अष्टमीच्या संध्याकाळी खाली आवारात काम सुरू झालं. मागचं चाक काढायचं तर आधी सायलेन्सर उतरवावा लागतो. त्याचा एक बोल्ट निघाला, दुसरा गंजून बसलेला. शहाणा माणूस अशा वेळी तेल सोडतो आणि चहा पिऊन येतो. यांनी पान्याला लोखंडी नळी अडकवली आणि त्यावर अंग टाकलं. मनगटाएवढे बोल्ट आवळण्यात ज्या हाताचं आयुष्य गेलं, त्याला करंगळीएवढ्या बोल्टाची काय कदर! टक्कन आवाज आला.

"तुटलो मेलो बोल्ट!" राजारामभाऊ ओरडले. रागावले की ते मालवणीत जातात.

बोल्टाचं डोकं पान्यात आलं होतं. उरलेला आत रुतून बसला होता, बाहेर नखाएवढं टोक. तोवर अंधारून आलं. "उद्या सकाळी काढतो," असं म्हणून ते वर गेले, पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ते अंघोळीला गेले तेवढ्यात त्यांच्या बायकोने, कुंदावहिनींनी, हत्यारांची पेटी काढली, पाना, हातोडी, पकड सगळं पुसून पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं आणि वर झेंडूची फुलं ठेवली. एकदा हत्यारं पूजेला बसली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा नियम. आणि तो खुद्द राजारामभाऊंनीच मिलमधून आणलेला.

"कुंदे, काय केलंस हे! परवा सकाळी पोरीला निघायचंय!"

"अहो, तुम्हीच सांगायचात ना, आज यंत्रंसुद्धा झोपतात म्हणून?"

ते पकड उसनी मागायला गॅरेजपर्यंत जाऊन आले, तर त्याच्याही शटरला हार. मग त्यांनी पळवाट काढली. तेलाची बाटली काही हत्यार नव्हे! खाली गेले, तुटक्या टोकावर थेंबभर तेल सोडलं, वर आले. पंखा लावला, बंद केला, पुन्हा खाली गेले. दिवसभर हेच. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकून माझंच डोकं उठलं.

दुपारी श्रुतिका त्यांना म्हणाली, "बाबा, राहू दे ना रे. मी रिक्षा करेन." पोरगी मायेने बोलली, पण घाव बसल्यासारखे ते बाहेर आले. माझ्या दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"वसुधावहिनी, आयुष्यभर पाना धरला. आता पोरगी म्हणते राहू दे. मग मी घरात कशाला?"

एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही. त्या वेळी मात्र मला फार वाईट वाटलं.

दसऱ्याला सकाळी आरती होताच ते पकड घेऊन खाली धावले, मागोमाग आम्ही तिघी. त्यांनी टोकावर पकड घट्ट बसवली, पाय रोवले, खांदा उचलला. आता मोडतोय सगळं, असं माझ्या मनात आलं. आणि ते थांबले. स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

"श्रुतिका, इकडे ये. तू फिरव."

"मी?"

"माझो हात मिलचो, बाय. तुझा हलका आहे. थोडं पुढे, थोडं मागे. अडलं की थांबायचं, जोर नाही करायचा."

त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरून ठेवले होते. बोटं नुसती वळवळत होती. श्रुतिकाने पकड हलवली. काही नाही. पुन्हा हलवली. कुरकुर झाली, काळं तेल पाझरलं आणि तो बोल्ट सावकाश फिरत बाहेर आला. दिवसभर मुरलेल्या तेलाने काम केलं होतं. पुढे ब्रेक त्यांनीच बसवला, पण सायलेन्सरचा नवा बोल्ट लेकीकडून आवळून घेतला. "बस, पुरे," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी ती ऐरोलीला पोचल्याचा फोन येईपर्यंत ते फाटकात उभे होते. थोड्या वेळाने कुंदावहिनी घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आल्या. "अहो, हे नुसते बसलेत!"

मी जाऊन पाहिलं. खरंच खुर्चीत बसले होते, हात मांडीवर ठेवून. मला धडकीच भरली. परत येऊन मी माझा मिक्सर उचलला आणि त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"अजून कण्हतो," मी म्हटलं.

त्यांनी तो उलटा करून पाहिला, स्क्रूवरून अंगठा फिरवला आणि परत सरळ ठेवला.

"ठेवा इथेच. संध्याकाळी श्रुतिका आली की ती उघडील. मी बाजूला बसून सांगेन."