फोटोतला डावा हात

माझ्या थोरल्या बहिणीचा डावा हात कडबा कापायच्या यंत्रात कोपरापर्यंत गेला. ती विधवा. निराधारांचं अनुदान मिळालं तरच तिची माझ्या बायकोच्या चुलीपासून सुटका होती, आणि माझ्या बायकोची तिच्यापासून. त्यामुळे कागद जमवताना घरात कधी नव्हे एवढी एकी होती.

यवतमाळच्या डॉक्टरांनी हात तपासला, म्हणजे नसलेला तपासला, आणि दाखला दिला. राहिला अपंगत्व दिसेल असा उभा फोटो. तो आम्ही फाट्यावरच्या स्टुडिओत काढला. हा कलावंत जन्मभर लग्नाच्या मुलींचे फोटो काढत आलेला. सावळी उजळ करायची, तिरळी सरळ करायची, ही त्याची रीत. फोटोचं पाकीट आम्ही शहाण्यांनी न उघडताच फाइलीला जोडलं.

तालुक्याच्या कचेरीतला बाबू म्हणजे खुर्चीवर धूळ बसू नये म्हणून ठेवलेला माणूस. त्यानं दाखला वाचला, फोटो पाहिला, पुन्हा दाखला वाचला.

"दाखल्यात डावा हात नाई. फोटोत हाये."

खरंच होता. कोपराखाली कुण्या नवरीचा हात बसवलेला, मेंदी आणि हिरव्या चुड्यासकट.

"मी सोताच उभी हावो न साहेब तुमच्यापुढं," म्हणत बहिणीनं पदर सारून थोटा हात टेबलावर ठेवला.

बाबूनं आधी आपला चहाचा कप बाजूला घेतला. "हे फाइलीत लावता येते का, बाई? कागदावर जे हाये, ते खरं." आणि त्रुटीचा शेरा मारला. मेंदी त्याला दिसली नाही.

फोटोवाल्याला मी विचारलं, "काहून लावला गा हात?"

"बाई तशी बरी नव्हती दिसत, भाऊ. हाताचं जास्तीचं काई घेतलं नाई मी."

नवा फोटो नेला. बाबूनं तो जुन्याशेजारी टाचला आणि अर्ज सहीसाठी बहिणीपुढं सरकवला. वर पंखा गरगरत होता, कागद उडू लागला.

"दुसऱ्या हातानं दाबा न, बाई," तो मान वर न करता म्हणाला.

"तो तुमच्यापाशीच हाये, साहेब," बहीण म्हणाली. "फाइलीतून काढा न ठेवा."

बाबूनं आपला पंजा कागदावर ठेवला. बहिणीनं प्रत्येक अक्षर कोरत, शेवटी शेपूट काढत सही केली. त्याच सहीवर पुढं तिची चूल वेगळी झाली. सही पुरी होईपर्यंत बाबूचा हात तिथंच होता. त्या कचेरीत तो कामाला लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला.