चपला घालताना बोललेलं

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं स्टोअर सांभाळलं. ती नोकरी सोडून घरी तयार नऊवारी शिवायला लागले तेव्हा माझा हिशेब सरळ होता. बडोद्यात मराठी लग्नं भरपूर, गुजराती मुलींनाही नऊवारीची हौस, आणि नेसवून देणारं माणूस आता घरोघरी उरलेलं नाही. साड्या शिवल्या, रंगवार कपाटात टांगल्या. लग्नसराई तोंडावर आली तरी त्या टांगलेल्याच. ही सराई अशीच गेली तर पुन्हा नोकरी शोधायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्याच सुमारास मुलीला कॉलेजसाठी एक छोटी जाहिरात करायची होती. तिने माझ्या साड्या घेतल्या. मैत्रिणीला जांभळी नऊवारी घालून तळ्याकाठी उभं केलं. नथीवर ऊन, पदर वाऱ्यावर, मागे सनई. मला तर फारच आवडली.

पण तिच्या सरांची अट होती: जाहिरात आधी बाहेरच्या लोकांना दाखवा, ते काय म्हणतात ते ऐका, दुरुस्त करा आणि मगच वर्गात आणा. म्हणून हरणीतल्या आमच्या सोसायटीच्या बायका घरी बोलावल्या. मी कामं वाटून दिली. चहा माझ्याकडे, खुर्च्या नवऱ्याकडे, टीव्ही मुलीकडे. मुलीने उलट मलाच एक काम दिलं.

"आई, तू बोलायचं नाहीस. अस्तर कसलं, काठ कुठला, काही सांगायचं नाही."

"कुणी विचारलं तर?"

"तरी नाही. जाहिरातीबरोबर तू घरोघरी जाणार आहेस का?"

मी चहाचा ट्रे उचलला.

जाहिरात संपली. "बहु सरस," समोरच्या फ्लॅटमधल्या बेन म्हणाल्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुलीने कागद वाटले: काय आवडलं, काय खटकलं. खटकलं या रकान्यात सगळ्यांनी 'काही नाही' लिहिलं. आवडलं या रकान्यात एकीने चहातल्या आल्याचं कौतुक केलं होतं.

स्वयंपाकघरात मुलगी तोंड पाडून उभी. "अगं, सगळ्यांना आवडली की," मी म्हटलं.

"आवडली तर एकीने तरी विचारायला हवं होतं ना, कुठे मिळते म्हणून?"

मला कपाट आठवलं.

तेवढ्यात बायका उठल्या. आमच्याकडे उठणं म्हणजे निघणं नव्हे. एक पाय चपलेत, एक पाय बाहेर, अशा अवस्थेत खऱ्या गप्पा सुरू होतात. बेननी माझा हात धरला आणि आवाज हळू केला. "भाभी, एक वात पूछूं? आ पहेरीने बाथरूम केवी रीते जवानुं?"

"हेच, हे घालून बाथरूमला कसं जायचं, हेच माझ्या मनात होतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि ती पोरगी म्हणजे नुसती काडी," तळमजल्यावरच्या काकू चप्पल शोधत म्हणाल्या. "माझ्या कमरेचं काय? शिवाय ती सगळा वेळ उभीच. लग्नात जिने चढायचे, खाली बसायचं. बसता येतं का त्यात?"

येतं. कमरेला इलॅस्टिक आहे, पायजम्यासारखी चढवायची, तशीच उतरवायची. सगळी उत्तरं साडीत शिवलेली होती आणि जाहिरातीत त्यातलं एकही नव्हतं. मी तोंड उघडलं. मुलीने डोळे वटारले. मी मिटलं. ती चपलांच्या स्टँडला टेकून भराभर लिहून घेत होती.

दारातल्या गप्पा जाहिरात आणि चहा दोन्हींपेक्षा लांबल्या. सगळ्या गेल्यावर मुलगी फुरंगटून बसली. "माझा नथीचा शॉट," एवढंच म्हणाली. मी काही बोलले नाही, त्या दिवशी तेवढी सवय झाली होती. सकाळी ती आपणहून समोर गेली आणि बेनना विचारलं, जाहिरातीत तुम्हीच काम कराल का?

"मने?" म्हणत बेन केसांना गजरा लावूनच आल्या. ड्रेस चढवावा तशी त्यांनी नऊवारी चढवली. जिना उतरल्या, स्कूटरवर सोसायटीला चक्कर मारली, वर येऊन सतरंजीवर मांडी घातली. शेवटी बाथरूमच्या दारात थांबल्या, इलॅस्टिक ताणून दाखवलं, "बधुं सहेलुं छे," सगळं सोपं आहे, म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. नव्या जाहिरातीतून सनई गेली, बेनचं हसू आलं. नथ राहिली, पण ओझरती.

वर्गात जाहिरात दाखवायच्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. बाथरूमचं दार लागलं तसा सगळा वर्ग हसला. सर काहीतरी चांगलं बोलायला लागले होते, पण मुलीने माझं कोपर ओढलं. "चल, दारात उभ्या राहू."

लोक बाहेर पडू लागले. कुणाची तरी आई पुढे गेली, दोन पावलं मागे आली. "ती स्कूटरवाली साडी... माझ्या मापाची मिळेल? पुतणीचं लग्न आहे."

मी मुलीकडे पाहिलं.

"आता बोल," ती म्हणाली.