धारेवरचं ताक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर सगळ्यांना सांगत असते की आमचे हे माझ्यापासून काही लपवत नाहीत. तुम्हाला सांगतो आहे. का, ते मलाही नीट कळत नाही. कदाचित तुम्ही समोर नाही म्हणून.

तुम्ही म्हणाल, असं काय मोठं असेल? मोठं नाही. एक स्टीलचा ग्लास आहे, त्यात ताक आहे. एवढंच. पण थांबा — आधी आनंदाचं सांगू द्या. कारण तो दिवस आनंदाचाच होता, आणि हीच तर अडचण आहे.

मी कुवेतला एका दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन आहे. राहायला खैतानला. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. तालुक्याच्या शाळेत शिकलो. मला घडवणारे हात इतके आहेत की मोजायला बसलो तर रात्र पुरणार नाही, आणि त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. इथे आलो तेव्हा पहिली दोन वर्षं ड्यूटी, खोली, झोप, पुन्हा ड्यूटी. मग आमच्याच दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी, म्हणजे सुहास सरांनी, मला एका शुक्रवारी पहाटे गाडीत घातलं आणि समुद्राच्या कडेने धावायला नेलं. ते पुण्याचे. तिथे इक्बालभाई भेटले, रत्नागिरीकडचे, अर्दियात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. सुनंदा सिस्टर भेटल्या, लातूरच्या. असे आम्ही आठ-दहा जण. परदेशात आपल्या भाषेत धापा टाकायला मिळणं — हे सुख काय असतं, सांगू शकत नाही.

कुवेतमध्ये चढ नाही. डोंगराचा सराव करायचा तर आम्ही खैतानमधल्या एका सहा मजली पार्किंगचा उतार वर-खाली पळायचो. तिथला हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, खुर्चीत बसून चहा पीत आमच्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. "मजनून," म्हणायचा, म्हणजे वेडे. इक्बालभाई म्हणायचे, "बरोबर बोलतो तो. त्याला पण घ्या उद्यापासून."

आणि मी? मी चढताना बोलत राहायचो. माझ्या खोऱ्याबद्दल. साताऱ्याच्या पश्चिमेला, दोन डोंगरांच्या मधून नदी वाहते, तिच्या काठाने जनावरांची वाट, ती कारवीतून वर चढते, धारेवर येते, आणि धारेवरून बघितलं की पाणी असं दिसतं जणू कुणी धुतलेलं धोतर वाळत घातलंय. मी इतकं बोललो, इतकं बोललो, की एका डिसेंबरात सगळे म्हणाले, चल, दाखव.

इथे मला एक खोटं आधीच सांगावं लागेल. छोटं. पहिल्याच शुक्रवारी गाडीत सरांनी सहज विचारलं होतं, वडील काय करतात? मी म्हणालो, शिक्षक होते. आता निवृत्त, सातारा शहरात असतात. का म्हणालो? कुणी मला कमी लेखलं नव्हतं. सरांनी तर मला पुढच्या सीटवर बसवलं होतं. माझे वडील वरच्या वाडीत तीन म्हशी राखतात. दुसरीपर्यंत शिकले आहेत. ते सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी दुसरं वाक्य बोललो, आणि मग चार वर्षं तेच बोलत राहिलो.

तर ही मंडळी खोऱ्यात उतरली. धरणाजवळच्या गावात मुक्काम ठेवला. मी आदल्या दिवशी एकटाच वाट आखायला गेलो. वळणा-वळणावर झाडाला लाल फीत बांधायची, जिथे झाड नाही तिथे दगडावर फक्की टाकायची, चुन्याची, मैदान आखायला वापरतात ती. जुनी वाट वरच्या वाडीतून जाते. आमच्या गोठ्याच्या अगदी अंगाला लागून. मी दुफाट्यावर उभा राहिलो, हातात फितीचं रीळ. किती वेळ, आठवत नाही. मग फीत उजव्या वाटेच्या करवंदीला बांधली. ती वाट वाडी टाळून जाते. दीड किलोमीटर जास्त.

वडिलांना फोनवर आधी सांगून ठेवलं होतं, माझे मित्र येणार आहेत, वाडीवरून जातील. आता पुन्हा फोन केला. म्हणालो, वाट बदलली, वनखात्याने तिकडून नको सांगितलं. ते म्हणाले, "बरं." एवढंच. त्यांनी माझ्यावर कधी शंका घेतलेली नाही.

दुसऱ्या दिवशीचं धावणं! तुम्ही तिथे हवे होतात. नदीवर धुकं होतं, पायाखाली दव. सुनंदा सिस्टर पहिल्या ओढ्यातच घसरून बसल्या आणि उठेचनात, म्हणाल्या, "मला इथंच राहू द्या, संध्याकाळी न्या." इक्बालभाई प्रत्येक चढाला पार्किंगचा मजला मोजत होते, "हा चौथा... हा नववा... अरे, ही बिल्डिंग संपते की नाही?" सर तर लहान झाले होते. वाळलेल्या गवतातून हात पसरून पळत होते. मी सगळ्यांच्या पुढे. माझ्या पायांना तिथला दगडन् दगड ठाऊक. ही माझी माणसं माझ्या डोंगरात आली आहेत — छातीत मावत नव्हतं.

धारेवर पोचलो, आणि तिथे माझे वडील बसले होते.

शेजारी अ‍ॅल्युमिनियमची किटली, तिच्या तोंडाला ओलं फडकं. एका पिशवीत ग्लास. वाट बदलली म्हटल्यावर ते रागावले नव्हते. त्यांनी फक्त विचार केला होता की वाडीवरून नाही तर माणसं कुठून जातील, आणि धारेशिवाय दुसरी जागाच नाही. पहाटे ताक घुसळून, किटली डोक्यावर घेऊन, ते सरळ कड्याच्या अंगाने वर आले होते. उठून उभे राहिले. माझ्याकडे बघून हसले.

मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधायला लागलो. नाडी सुटलेली नव्हती.

"अरे वा, ताक!" सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुझ्या ओळखीचे आहेत का रे?"

आणि मी — तुम्हाला आता कळलंच असेल. पण मला ते लिहायचं आहे. मी म्हणालो, "नाही. वरच्या वाडीतले असतील कुणी."

वडील चार हातांवर होते. त्यांना ऐकू आलं. त्यांचं हसू गेलं नाही, बघा. मला वाटलं होतं जाईल. ते म्हणाले, "व्हय, वरच्या वाडीतला हाय मी. घ्या पावनं, घ्या. गार हाय."

किती प्याले सगळे! आलं-मिरची लावलेलं ताक, त्या उंचीवर, त्या घामात. सर पैसे काढायला लागले तर वडिलांनी त्यांचा हातच धरला. "आमच्यात ताकाला पैसं घेत न्हाईत. उद्या म्हशीला काय तोंड दाखवू?" सगळे खो-खो हसले. सुनंदा सिस्टरनी विचारलं, "काका, मुलंबाळं?" मी ग्लास तोंडाला लावून धरला. "हाय की एक," वडील म्हणाले. "शिकला, लांब गेला. गुनाचा हाय." आणि मला विचारलं, "पावनं, तुम्हास्नी आनिक वाढू?"

मी दुसरा ग्लास प्यालो.

मग उतार. वडील म्हणाले, ह्या अंगानं चला, जवळ पडंल. आणि रिकामी किटली हातात घेऊन ते टायरच्या चपलांवर धावायला लागले. पासष्टीचा माणूस! सर मागे, इक्बालभाई मागे, सगळे ओरडतायत, "काका, हळू! काका, थांबा!" आणि ते वळून हाका देतायत, "या या, पाय तिरका टाका, घाबरू नका!" किटली दगडांवर वाजत होती. मी त्यांना असं धावताना कधीच पाहिलं नव्हतं. ते आनंदात होते, अगदी खऱ्या आनंदात होते. मीही होतो. हे कसं सांगू? माझं तोंड काळं झालेलं होतं आणि मी हसत होतो, मनापासून हसत होतो, माझ्या बापाच्या मागे धावत.

दोन दिवसांनी, मंडळी परत गेल्यावर, मी घरी गेलो. वडिलांनी विचारलं, "डॉक्टर पोचले का नीट? लई मोकळा मानूस." त्या विषयावर तेवढंच. मी माफी मागितली का? नाही. त्यांनी जेवायला वाढलं, मी जेवलो.

आता तीन वर्षं झाली. शुक्रवारी समुद्राकाठी धाव संपली की कुणीतरी ताकवाल्या काकांचं काढतंच. सर त्यांची नक्कल करतात, "उद्या म्हशीला काय तोंड दाखवू?" प्रेमाने करतात. नवीन कुणी आला की त्याला ती गोष्ट ऐकवतात, आणि राहिलेले तपशील मी पुरवतो. हो, मीच. चांगली रंगवतो.

या डिसेंबरात पुन्हा जायचं ठरलं आहे. गेल्या शुक्रवारी इक्बालभाई म्हणाले, काकांसाठी धावायचे बूट नेऊ या, चांगले, डोंगरातले. सगळ्यांनी उचलून धरलं. "पण नंबर काय असेल?" सुनंदा सिस्टर म्हणाल्या.

"आठ," मी म्हणालो. "उजवा जरा रुंद लागेल. अंगठा वाकडा आहे."

इक्बालभाईंनी पाण्याची बाटली खाली घेतली. "तुला कसं रे माहीत?"

मी तोंड उघडलं. पण मी बोलायच्या आधीच सर हसले, माझ्या पाठीवर थाप मारली. "एक्स-रेवाला आहे तो. चपलेतून हाडं दिसतात त्याला." सगळे हसले. मीही हसलो. हातात आयतं आलेलं खोटं मी घेतलं आणि खिशात घातलं.

त्या पायाचा एक्स-रे कधी निघालेला नाही. म्हशीचा खूर पडला तेव्हा मी चौथीत होतो. हळद बांधली, आणि हाड वाकडंच जुळलं. इथे मी दिवसाला वीस-पंचवीस अनोळखी पाय प्लेटवर नीट ठेवतो, हलू नका म्हणतो.

ताकवाले काका माझे वडील आहेत. मी त्यांना आबा म्हणतो. त्या दिवशी खाली नदीवर निरोप घेताना सगळे एकेक करून त्यांच्या पाया पडले. माझी पाळी आली तेव्हा मीही वाकलो, आणि म्हणालो, "येतो, काका."