मामाच्या मागांचे लाल दिवे

माझ्या मामाला ऐकू येईनासं झालं, हे घरात सगळ्यात शेवटी मामालाच कळलं. मिसरूड फुटल्यापासून तो कबनूरच्या एका शेडमध्ये यंत्रमाग चालवत होता. त्या खडखडाटात माणसं तशीही बोलत नाहीत, हातवारे करतात, त्यामुळं बरीच वर्षं निभावून गेली. पण मागवाल्याला कान लागतातच. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, आणि पाठ फिरलेली असताना कुठला माग गप्प झाला ते कानालाच कळतं. मामाला ते कळेना. शेजारचे चार माग चालवणारा त्याचा जोडीदार येऊन खांद्यावर थाप मारायचा, मग मामा धावायचा. शेवटी हे मालकाच्या लक्षात आलं. मालक तसा माणूस वाईट नव्हता, पण त्यानं तोंडावर सांगितलं, "दिवाळीपतोर बघतो. न्हाईतर दुसरा माणूस लावणार."

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात एका छोट्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचं काम करत होते. मामाचं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. शिकत होते तेव्हा मी त्याच्याच घरी राहिलेली, त्याच्याच ताटातलं खाल्लेलं. तडक कबनूर गाठलं आणि मालकाला म्हटलं, "कान गेलेत ना? डोळे शाबूत आहेत. मी दिवे लावून देते." मालक म्हणाला, "लाव की. माझं काय जातंय?"

बेत साधा होता. प्रत्येक मागावर एक डबी, तिच्यात मायक्रोकंट्रोलर. माग थांबला की डबीनं भिंतीवरच्या बोर्डाला निरोप द्यायचा, की बोर्डावर त्या मागाचा लाल दिवा लागणार. द्यायचेच तर जोडीदाराच्या मागांनाही देऊ म्हणून आठही मागांवर डब्या बसवल्या, आणि सगळ्यांना मिळून तारांची एकच जोडी ओढली. ह्या पद्धतीला कॅन बस म्हणतात. हिच्यात कुणीही निरोप पाठवला की ऐकणाऱ्यांपैकी एकानं तरी तिथल्या तिथं पोच द्यावी लागते. पोच आली नाही तर पाठवणारा तेच ते सांगत राहतो. किती वेळ सांगायचं त्याला मी प्रोग्रॅममध्ये मर्यादा घातली होती. ती उलटली की डबीच्या छोट्या पडद्यावर 'टाइमआउट' यायचं.

वर्कशॉपच्या टेबलावर एक डबी आणि बोर्ड जोडून बघितलं, तर झकास. शेडमध्ये आठ डब्या जोडल्या आणि आठही पडद्यांवर टाइमआउट! एकही दिवा लागेना. मामा बोर्डासमोर हात मागं बांधून उभा, आणि मी त्याच्याकडं बघायचं टाळतेय.

आधी मोटारींवर संशय घेतला. एवढ्या मोटारी शेजारी धडधडताना तारेत गडबड व्हायचीच, म्हणून भारीतली वायर आणून बदलली. टाइमआउट. मग प्रोग्रॅममध्ये वाट बघायची मर्यादा वाढवली. तेच टाइमआउट, फक्त उशिरा. जोडीदार लांबून हातानंच विचारायचा, काय झालं? मी हातानंच सांगायची, कपाळ माझं.

मग सुट्टीच्या दिवशी गेले. सगळे माग बंद, शेड कधी नव्हे ती शांत. तरीही टाइमआउट! म्हणजे मोटारी बिचाऱ्या निर्दोष होत्या. वैतागून मी एकेक डबी तारेवरून सोडवत गेले, आणि शेवटी दोन-तीनच उरल्या तेव्हा दिवे लागायला लागले. पुन्हा जोडल्या की गेले. जास्त डब्या असल्या की बिघडतंय, हे कळल्यावर मीटर काढला. वीज बंद करून दोन तारांमध्ये मोजलं की साठ ओहम दिसायला हवेत. दिसले तेरा.

ह्या तारेच्या दोन टोकांना एकेक रेझिस्टर लागतो. दोनच, मधल्यांना नाही. आमच्याकडं सोल्डरिंग करणाऱ्या काकांना मी तसं बजावून सांगितलं होतं. डब्या उघडल्या तर प्रत्येकीत रेझिस्टर, बोर्डातसुद्धा! एवढं ओझं पडल्यावर निरोप तारेवर उमटतच नव्हता, मग पोच कुठली यायला? वर्कशॉपमध्ये जाऊन काकांवर अशी काही बरसले की विचारू नका. काका शांतपणे म्हणाले, "दोघींनाच दिला, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? म्हणून सगळ्यांना बसवला." आता ह्या माणसाला काय बोलायचं! मला हसूच आलं. मधले सगळे रेझिस्टर कापून काढले. मीटरवर साठ आले. दुसऱ्या दिवशी माग थांबेल तसा दिवा लागायला लागला आणि मामा थाप पडायच्या आधी पळायला लागला. मामीनं मला पुरणपोळी करून घातली.

दिवाळीनंतर मालकाचा फोन. "अहो बाई, तुमचं मशीन बंद पडलंय. माग थांबल्याले थांबल्यालेच." मी मीटर घेऊन पळाले. तारा ठीक, साठच्या साठ. एकाही पडद्यावर टाइमआउट नाही. बोर्डावर तीन लाल दिवे लख्ख लागलेले, आणि मामा त्यांच्याकडं पाठ करून तंबाखू मळत उभा. शेजारच्या मागांवर जोडीदार दिसेना.

मी मामाचा दंड धरून त्याला बाहेर ओढला आणि कानाशी ओरडले, "दिवे दिसत नाहीत का तुला?"

"दिसत्यात की."

"मग?"

"मालक म्हणतोय, दिवं बघून येकटा माणूस आठ माग चालवंल. त्येला घरी बसवलंय." मामा थुंकला. "इतकी वर्सं त्यो माझं कान झाला. त्येच्या मागाला मी हात न्हाय लावायचा."

मला रडूच कोसळलं. मी लावलेल्या दिव्यांनीच त्या माणसाच्या पोटावर पाय दिला होता. डोळे पुसून मामाला घेऊन मालकाकडं गेले. तो म्हणाला, "काय बिघडलंय?"

"काहीही नाही," मी म्हटलं. "पण एवढे दिवे एका माणसाला झेपत नाहीत. आठ मागांना दोन माणसं लागणारच. नाहीतर बोर्ड काढून नेते."

मालकानं माझ्याकडं बघितलं, मग मामाकडं. "बरं," म्हणाला.

जोडीदार परत कामावर आला त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. मामाच्या एका मागाचा दिवा लागला. मामानं तो बघितला, अगदी नीट बघितला, आणि जागचा हलला नाही. पलीकडून जोडीदार आला, सवयीनं त्याच्या खांद्यावर थाप मारली. मामानं मान डोलावली आणि मग मागाकडं गेला.